शुगर नॉर्मल, तरी स्टेंट टाकावा लागला: इन्सुलिन रेझिस्टन्स नेमका कसा ओळखतात?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या भावाचं वय ४४. तीन महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, एक स्टेंट टाकला. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६७ किलो, म्हणजे त्याला कोणी लठ्ठ म्हणणार नाही. ब्लडप्रेशरची गोळी अटॅकच्या आधी दोन वर्षांपासून चालू होती. वडिलांना मधुमेह होता. डिस्चार्जच्या वेळी 'शुगर नाही' असं सांगितलं गेलं. मागच्या महिन्यात तुम्ही घरी माणूस बोलावून पॅकेजची तपासणी करून घेतली. त्यात उपाशीपोटी साखर ९८, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ५.८, इन्सुलिन १६, आणि 'होमा आयआर ३.९' हा आकडा लाल अक्षरांत. तुम्ही विचारताय: शुगर नाही तर हा इन्सुलिन रेझिस्टन्स (म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं) कुठून आला, ३.९ म्हणजे किती गंभीर, आणि खात्रीची तपासणी कोणती?

तुमच्या भावाला इन्सुलिन रेझिस्टन्स आहे, असं मलाही वाटतं. पण मी ते त्या लाल आकड्यावरून म्हणत नाही. त्याच रिपोर्टच्या आदल्या पानावर, जिथे एकही अक्षर लाल नाही, तिथे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१४ आणि एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ३४ लिहिलंय. माझी नजर आधी तिथे गेली.

इन्सुलिन म्हणजे साखर पेशींत ढकलणारा संप्रेरक एवढंच आपल्याला शाळेपासून माहीत असतं. त्याची आणखी एक मोठी कामगिरी आहे: चरबीच्या पेशींना 'साठा सोडू नका' असं सांगणं. पोटाच्या आतली, आतड्यांभोवतीची चरबी या हुकमाला दाद देईनाशी झाली की तिच्यातली मेदाम्लं सतत रक्तात झिरपत राहतात आणि थेट यकृताकडे जातात. यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइडने भरलेले कण बनवून रक्तात सोडतं. हे कण एचडीएलशी आणि एलडीएलशी, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलशी, चरबीची देवाणघेवाण करतात. त्यात एचडीएल झिजून कमी होतं, आणि एलडीएलचे कण लहान, घट्ट आणि संख्येने जास्त होतात. हेच बारीक कण धमनीच्या भिंतीत शिरतात. इकडे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतून साखर ताब्यात ठेवतं. ते दमेपर्यंत, म्हणजे कधीकधी दहा-पंधरा वर्षं, साखरेचा रिपोर्ट नॉर्मल येत राहतो. धमन्यांचं नुकसान मात्र या सगळ्या काळात चालूच असतं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. मधुमेह हा या आजाराचा उशिराचा टप्पा आहे आणि हृदयाचा त्रास त्याच्या आधीही येऊ शकतो.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडच्या हिम्सवर्थ यांनी १९३६ साली दाखवून दिलं होतं की काही मधुमेही इन्सुलिनला चटकन दाद देतात आणि काही देत नाहीत. १९६० मध्ये अमेरिकेत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं इन्सुलिन मोजण्याची पद्धत शोधली, तेव्हा कळलं की मोठ्या वयातल्या अनेक मधुमेहींमध्ये इन्सुलिन भरपूर असतं. आणि १९८८ मध्ये स्टॅनफर्डच्या जेराल्ड रीव्हन यांनी जास्त ट्रायग्लिसराइड, कमी एचडीएल, वाढलेलं ब्लडप्रेशर आणि बिघडत चाललेली साखर ही सगळी एकाच मुळाची पालवी आहे, असं मांडलं. त्याला त्यांनी 'सिंड्रोम एक्स' म्हटलं. तुमच्या भावाचा रिपोर्ट समोर ठेवून वाचलं तर त्या मांडणीतली एकेक गोष्ट त्यात सापडते.

आता वजनाचं. ६७ किलो आणि १६८ सेंटिमीटर म्हणजे बॉडी मास इंडेक्स २३.७. युरोपीय तक्त्यात हा माणूस अगदी ठीक बसतो. आपल्याकडच्या निकषांत २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, आणि त्याला कारण आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. अंगातल्या चरबीचं प्रमाण मात्र एकाचं ९.१ टक्के आणि दुसऱ्याचं २१.२ टक्के. जास्त चरबी कोणाच्या अंगात होती, हे ओळखणं अवघड नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून जो अभ्यास चालवला, त्यात तर हे जन्मापासूनच दिसलं: आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. वजन इतकं कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती, कमी होते ते स्नायू. 'दिसायला बारीक, आतून मेदस्वी' हा आपल्या लोकांचा ठेवा आहे. म्हणून 'तो तर सडपातळ आहे' हे वाक्य मला ओपीडीत फार अस्वस्थ करतं.

म्हणून पहिली तपासणी दहा रुपयांच्या टेपची. भावाची पँट ३४ नंबरची आहे असं तुम्ही लिहिलंय, पण पँटचा नंबर कंबरेचा घेर सांगत नाही. पोट सुटलं की पुरुष पँट खाली सरकवून घालतात आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. टेप धरायची ती शेवटची बरगडी आणि कुल्ह्याचं वरचं हाड यांच्या बरोबर मध्ये, उघड्या अंगावर, उभं राहून, सहज श्वास सोडल्यावर. पोट आत ओढून घ्यायचं नाही. पुरुषात ९० सेंटिमीटर आणि बाईमध्ये ८० ही आपल्यासाठीची मर्यादा आहे. मला वाटतं तुमच्या भावाचा घेर ९० च्या वर भरेल.

टेप ठेवली की मान बघा. मानेच्या मागे, काखेत, कधी हाताच्या सांध्यांवर मखमलीसारखी जाडसर काळी त्वचा दिसते. घरात ती मळ समजून घासली जाते, उन्हाने काळवंडली म्हणून सोडून दिली जाते. तिच्यासोबत मानेवर बारीक चामखिळीसारखे लोंबते ठिपके असतील तर तो रक्तात इन्सुलिन जास्त असल्याचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा आहे. मग मी विचारतो: रात्री घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का, सोनोग्राफीत कधी 'फॅटी लिव्हर' लिहून आलं होतं का, युरिक ॲसिड वाढलं होतं का. स्त्री असेल तर पाळीची अनियमितता, पीसीओडी, गरोदरपणातली साखर. या प्रश्नांना पाच मिनिटं लागतात, आणि उत्तरं मिळाली की इन्सुलिन मोजण्याची गरज बऱ्याचदा उरत नाही.

रीव्हन यांच्या 'सिंड्रोम एक्स'ला आता मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. त्याचे पाच निकष आहेत: कंबरेचा घेर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल पुरुषात ४० पेक्षा आणि स्त्रीत ५० पेक्षा कमी, ब्लडप्रेशर १३०/८५ किंवा जास्त, उपाशी साखर १०० किंवा जास्त. पाचातले तीन असले की निदान झालं. औषध चालू असेल तरी तो निकष लागू धरतात. इथे एक बारकावा आहे. अटॅकनंतर ब्लडप्रेशरच्या बऱ्याच गोळ्या हृदयाच्या संरक्षणासाठीच देतात, त्यामुळे नुसती गोळी चालू आहे म्हणून ब्लडप्रेशरचा निकष धरू नये. तुमच्या भावाची गोळी अटॅकच्या आधीची आहे, म्हणून त्याच्या बाबतीत धरायचा. म्हणजे टेप न लावताच तीन निकष पूर्ण होतात.

आता तो लाल आकडा. इन्सुलिन रेझिस्टन्स मोजण्याची खरी कसोटी आहे 'क्लॅम्प', जी १९७९ मध्ये डीफ्रोंझो आणि सहकाऱ्यांनी घालून दिली. एका शिरेतून ठरावीक वेगाने इन्सुलिन सोडायचं, दुसऱ्या शिरेतून ग्लुकोज, आणि साखर ९० च्या आसपास स्थिर राहील असं ग्लुकोज कमी-जास्त करत दोन तास बसायचं. साखर तिथे टिकवायला जितकं जास्त ग्लुकोज लागेल तितकं शरीर इन्सुलिनला चांगली दाद देतंय. ही संशोधनाची पद्धत आहे, दवाखान्यात कोणी करत नाही. तिला पर्याय म्हणून ऑक्सफर्डच्या मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये 'होमा' हे सूत्र दिलं: उपाशी साखर गुणिले उपाशी इन्सुलिन, भागिले ४०५. भावाचं ९८ गुणिले १६, भागिले ४०५, म्हणजे ३.८७. लॅबने ते ३.९ केलं.

सूत्र चांगलं आहे, पण त्यात जाणारा इन्सुलिनचा आकडा डळमळीत असतो. स्वादुपिंड इन्सुलिन सलग सोडत नाही, दर काही मिनिटांनी लाटांसारखं सोडतं. तुमच्या भावाचा नमुना थोड्या वेळाने घेतला असता आणि इन्सुलिन १२ आलं असतं, तर हाच माणूस २.९ वर आला असता. म्हणून काटेकोर अभ्यासात पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीन नमुने घेऊन सरासरी काढतात. शिवाय एका कंपनीच्या यंत्रावरचं इन्सुलिन दुसऱ्या यंत्राशी जुळेलच असं नाही, नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या तर इन्सुलिन खोटं कमी येतं, आणि 'इतक्याच्या वर रेझिस्टन्स' अशी सर्वमान्य रेषा कुठेच नाही. कोणी २.५ धरतो, कोणी ३. ज्याला इन्सुलिनची इंजेक्शनं चालू आहेत किंवा ज्याचं स्वादुपिंड आधीच थकलंय, त्याच्यात हा आकडा काढण्याला अर्थच राहत नाही. सर्वसाधारण रुग्णात उपाशी इन्सुलिन नेमाने करा, अशी शिफारस मधुमेहाची प्रमुख मार्गदर्शक तत्त्वं करत नाहीत, आणि मलाही ते पटतं. मी वर्षाला मोजक्याच रुग्णांत ही चाचणी सांगतो. म्हणून ३.९ बघून घाबरू नका, आणि तीन महिन्यांनी तो ३.१ झाला तर पेढेही वाटू नका.

त्यापेक्षा तुमच्याकडे आधीच असलेल्या रिपोर्टमधून दोन गोष्टी फुकट निघतात. एक, ट्रायग्लिसराइड भागिले एचडीएल. २१४ भागिले ३४ म्हणजे ६.३. स्टॅनफर्डच्या अभ्यासात गोऱ्या लोकांमध्ये ३ ते ३.५ च्या वर गेलं की रेझिस्टन्सची शक्यता दाट असं दिसलं. आफ्रिकी वंशाच्या लोकांत हे गुणोत्तर तितकं भरवशाचं नाही. ६.३ ला मात्र शंका कमी उरते. दुसरी, 'टायजी इंडेक्स', जी मेक्सिकोतल्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडली: उपाशी ट्रायग्लिसराइड आणि उपाशी साखर यांचा गुणाकार, त्याचा निम्मा, आणि त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम. भावाचा ९.२६ येतो. साधारण ८.५ ते ८.८ च्या पुढे चिंता धरतात. काही ठिकाणी दोनने भागणं लॉगॅरिदमच्या नंतर करतात, मग तोच आकडा ४.९८ होतो आणि लोकांना वाटतं आपला नॉर्मल आहे. दोन वेगळ्या रिपोर्टमधल्या टायजीची तुलना करण्याआधी हे पाहून घ्या.

लिपिडच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या, रिपोर्टवरूनच आणखी एक, जे इन्सुलिनइतकंच महत्त्वाचं आहे. भावाचं एकूण कोलेस्टेरॉल १३९ आणि एलडीएल ६२ आहे, आणि तुम्ही लिहिलंय की 'कोलेस्टेरॉल तर छान आहे'. एकूणातून एचडीएल वजा करा: १०५. हे नॉन-एचडीएल. अटॅक येऊन गेलेल्या माणसात ते ८५ च्या खाली हवं, असं युरोपीय हृदयतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, आणि एलडीएल ५५ च्या खाली. इन्सुलिन रेझिस्टन्स असलेल्या माणसात एलडीएलचा आकडा फसवा असतो, कारण कण बारीक असतात: कोलेस्टेरॉल थोडं, पण कणांची संख्या जास्त. अपोबी नावाची तपासणी ही संख्याच मोजते. पॅकेजमधल्या इन्सुलिनवर जो खर्च झाला, तो माझ्या मते अपोबीवर व्हायला हवा होता. कार्डिओलॉजिस्टला भेटाल तेव्हा हा १०५ त्यांना दाखवा.

आणि आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते. तुमच्या भावाला 'शुगर नाही' हे अजून ठरलेलंच नाही. उपाशी ९८ आणि एचबीए१सी ५.८ यावरून ते ठरत नाही. ५.७ ते ६.४ हा तसाही मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा आहे. त्यात लोहाच्या कमतरतेने एचबीए१सी खोटं वाढतं, आणि लाल पेशी लवकर नष्ट होणाऱ्या आजारांत खोटं कमी येतं, म्हणून हिमोग्लोबिन सोबत बघावं लागतं. उपाशी साखरेचंही तसंच. घरून नेलेला नमुना माणसाच्या बॅगेत तीन-चार घरं फिरत राहिला तर नळीतल्या पेशी ग्लुकोज खात राहतात, आणि तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होऊ शकते. ९८ म्हणजे खरी १०५ असू शकेल.

स्वीडनमध्ये अटॅक येऊन दाखल झालेल्या १८१ रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणालाही मधुमेह असल्याचं आधी माहीत नव्हतं. डिस्चार्जच्या वेळी त्यांना ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहिली, तेव्हा ३१ टक्क्यांना मधुमेह निघाला आणि ३५ टक्क्यांना बिघडलेली ग्लुकोज सहनशक्ती. तीन महिन्यांनी पुन्हा केलं, तेव्हा हे आकडे २५ आणि ४० टक्के होते. अटॅकच्या ताणाने साखर तात्पुरती वाढली असेल, ही शंका त्या दुसऱ्या तपासणीने बरीचशी मिटली. तीनात दोघांना साखरेचा बिघाड, आणि तोही स्वीडनमध्ये. आपल्याकडे तर पहिला अटॅक पाच-सहा वर्षं लवकर येतो. दक्षिण आशियाई लोकांत तो मध्यमान ५३ व्या वर्षी येत असल्याचं 'इंटरहार्ट' अभ्यासाने दाखवलंय. अशा लोकांत ही चाचणी न करता घरी पाठवणं मला पटत नाही.

ही चाचणी म्हणजे ओजीटीटी. 'जेवणानंतरची साखर' ही वेगळी गोष्ट आहे. जेवणात एकाने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि दुसऱ्याने भाताचा डोंगर, तर तुलना कशाशी करायची? ओजीटीटीत सगळ्यांना ७५ ग्रॅम ग्लुकोज. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं भात-पोळी खायचं. अटॅकनंतर अनेक जण धास्तीने कर्बोदकं तोडतात आणि त्याने निकाल खोटा वाढू शकतो. रात्री आठ-दहा तास पोट रिकामं, पाणी चालेल. सकाळी उपाशी नमुना, मग पावशेर ते तीनशे मिली पाण्यात ग्लुकोज पाच मिनिटांत पिऊन टाकायचं, आणि दोन तास तिथेच बसायचं. चहा, बिडी-सिगरेट, फेऱ्या मारणं नको. दोन तासांनी १४० च्या खाली असेल तर ठीक, १४० ते १९९ बिघडलेली सहनशक्ती, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह, जो दुसऱ्या तपासणीने पक्का करून घ्यायचा. जमल्यास एक तासाचाही नमुना घ्यायला सांगा. १५५ च्या वर गेला तर धोका वाढलाय असं आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२४ मध्ये म्हटलंय.

एक सूचना जी प्रत्येक लॅबने मराठीत मोठ्या अक्षरांत लावावी अशी माझी इच्छा आहे: उपाशी म्हणजे उपास नव्हे. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी आणि चहा घेऊन 'डॉक्टर, उपाशीच आलोय' म्हणणारे रुग्ण मी अनेकदा पाहिलेत, आणि त्यांची काहीच चूक नसते. त्यांना तसंच सांगितलेलं असतं. अशा नमुन्यातलं ट्रायग्लिसराइड, साखर आणि होमा, तिन्ही फुकट गेली.

निदान पक्कं करताना इतर कारणं वगळायची असतात. थायरॉइड मंदावलाय का, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड चालू होतं का, मानसिक आजारावरचं ओलान्झापिनसारखं औषध आहे का. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल या ब्लडप्रेशरच्या आणि हृदयाच्या गोळ्यांनीही ट्रायग्लिसराइड आणि रेझिस्टन्स थोडे वाढतात. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी साखर किंचित वाढू शकते. हे वाचून यातली एकही गोळी बंद करू नका. स्टेंट असलेल्या माणसात त्यांचा फायदा या त्रासाच्या कितीतरी पट आहे, आणि बदल करायचा तर तो कार्डिओलॉजिस्ट ठरवतील. हात-पाय अगदी काटक, शिरा उठून दिसणारे, पण पोट आणि मान भरलेली आणि ट्रायग्लिसराइड खूप जास्त असा माणूस दिसला तर लिपोडिस्ट्रॉफी हा दुर्मीळ आजार मनात आणावा लागतो. पोटाची सोनोग्राफी, एसजीपीटी आणि एसजीओटी या यकृताच्या तपासण्या, आणि प्लेटलेट करून घ्या. त्यातून फॅटी लिव्हर कितपत पुढे गेलंय याचा अंदाज येतो.

उपचारावर फार लिहीत नाही, तो तुमचा प्रश्न नव्हता. एवढंच सांगतो की होमाच्या आकड्यासाठी गोळी मागू नका. पायोग्लिटाझोन हे मधुमेहावरचं एकच औषध मोठ्या अभ्यासात होमा ३ च्या वर असलेल्या लोकांना देऊन पाहिलं गेलं. ते मेंदूच्या स्ट्रोकनंतरचे, मधुमेह नसलेले रुग्ण होते. पुढचे स्ट्रोक आणि अटॅक ११.८ वरून ९ टक्क्यांवर आले खरे, पण वजन, पायांवरची सूज आणि हाडं मोडणं वाढलं. हृदयाचं पंपिंग कमी असेल तर ते औषध धोक्याचं. ओजीटीटीत १४० ते १९९ आलं तर चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांचा २००६ चा अभ्यास आपल्या लोकांवरचा आहे: नियमित चालणं आणि आहारातला बदल यांनी मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्के कमी झाला, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने सुमारे २६ टक्के, आणि दोन्ही मिळून वेगळा जास्त फायदा दिसला नाही. भावाने तीन-चार किलो वजन कमी केलं, कंबर ९० च्या आत आणली आणि कार्डिओलॉजिस्टच्या परवानगीने चालण्याला हलक्या वजनांचा व्यायाम जोडला, तर सहा महिन्यांनी ट्रायग्लिसराइड आणि एचडीएलच बोलतील. इन्सुलिन पुन्हा मोजायची गरज नाही.

शेवटी तुमच्याबद्दल. तुम्ही ओझरतं लिहिलंय की तुम्ही ४१ वर्षांच्या आहात आणि दुसऱ्या बाळंतपणात 'थोडी साखर' निघाली होती, नंतर तपासलं नाही. वडील मधुमेही, भावाला ४४ व्या वर्षी अटॅक, आणि तुम्हाला गरोदरपणातली साखर. भावाच्या ओजीटीटीला जाल त्याच सकाळी तुम्हीही उपाशीपोटी जा, आणि दोघांचे नमुने एकाच वेळी द्या. टेप घरातून घेऊन जा.